कुरमाघर ते टॅम्पॉन : चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशाच्या संदर्भात ऋतुकालीन साधनांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

चंद्रपूर-गडचिरोली परिसराचा इतिहास आजवर प्रामुख्याने गोंड राजवटीचा, चांद्याच्या परकोटाचा, १८५८ मध्ये चांदा येथे फाशी गेलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांच्या उठावाचा आणि जंगलसंपत्तीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या इतिहासात स्त्री आलीच तर ती राणी म्हणून, नाहीतर मजूर म्हणून येते. तिच्या आयुष्यातील सुमारे पस्तीस वर्षे दरमहा येणारे चार-पाच दिवस मात्र या लेखनात कोठेच सापडत नाहीत. ते दिवस ती कोठे काढीत होती, कोणते साधन वापरीत होती, ते कोठे धुवीत आणि कोठे वाळवीत होती, हे प्रश्न इतिहासाचे नाहीत असेच जणू गृहीत धरले गेले. वस्तुतः अन्न, वस्त्र व निवारा यांचा जसा सामाजिक इतिहास असतो, तसाच ऋतुकालीन साधनांचाही असतो.

प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय या साधनांपैकी आपल्याकडे सर्वांत कमी परिचित अशा एका साधनाशी संबंधित आहे. ते साधन म्हणजे योनिमार्गात ठेवावयाचा दाबलेल्या कापसाचा बोळा, अर्थात टॅम्पॉन. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ६४ टक्के स्त्रिया सॅनिटरी नॅपकिन वापरतात, तर ५० टक्के स्त्रिया कापड वापरतात. अनेकजणी दोन्ही वापरत असल्याने या आकड्यांची बेरीज शंभरापुढे जाते. टॅम्पॉन वापरणाऱ्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी आहे. जगाच्या काही भागांत तीन पिढ्या रुळलेले साधन येथे अपरिचित का राहिले आणि ते प्रथमच सुखाने वापरता येण्यासाठी स्त्रीच्या भोवती काय काय असावे लागते, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे. त्यासाठी माडिया गोंड समाजातील कुरमाघर हा केंद्रबिंदू मानला आहे.

अभ्यासक्षेत्र व व्याप्ती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या आसपास असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे. चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख आहे. चंद्रपूरच्या पश्चिमेकडील वरोरा-भद्रावती भागात कापूस पिकतो, तर पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात धान हे मुख्य पीक आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत माडिया व गोंड वस्ती दाट जंगलात विखुरलेली आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून मान्यता आहे, त्यांत कातकरी व कोलाम यांच्यासह माडिया गोंडांचा समावेश होतो. हा निबंध प्रकाशित सर्वेक्षणे, वैद्यकीय अभ्यास, मानववंशशास्त्रीय ग्रंथ व सार्वजनिक नोंदी यांवर आधारलेला आहे.

कुरमाघराची प्रथा

माडिया व गोंड समाजात ऋतुकाळातील स्त्रीने घर सोडून गावाच्या कडेला बांधलेल्या झोपडीत राहण्याची प्रथा आहे. या झोपडीस कुरमाघर अथवा गावकोर असे म्हणतात. बस्तरमधील माडियांचा अभ्यास करणाऱ्या विल्फ्रिड ग्रिगसन यांच्या १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही अशा स्वतंत्र झोपडीची नोंद आहे. गडचिरोलीचा पूर्व भाग बस्तरला लागून असल्याने ही प्रथा दोन्हीकडे समान असणे स्वाभाविक आहे.

या काळात स्त्रीने स्वयंपाक करावयाचा नाही, गावाच्या विहिरीवरून पाणी भरावयाचे नाही. तिचे अन्नपाणी घरातील दुसरी स्त्री आणून देते. पुरुषाचा स्पर्श झाल्यास त्याने तत्काळ स्नान करावयाचे असते. झोपडी ही कोणा एका कुटुंबाची नसून गावाची असल्याने तिची डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. पुरुषांनी तिला हात लावणे निषिद्ध आणि स्त्रियांच्या हाती साधने नाहीत, अशा स्थितीत गवताचे छप्पर गळत राहते. गडचिरोलीतील स्पर्श या संस्थेने २२३ कुरमाघरांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी अंथरूण, दिवा, शौचालय यांसारख्या अगदी साध्या सोयीही नसल्याचे आढळले. अशा झोपड्यांत सर्पदंशाने व वेळेवर उपचार न मिळाल्याने स्त्रियांचे मृत्यू झाल्याच्या बातम्याही प्रसिद्ध झाल्या आहेत. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ही प्रथा स्त्रियांच्या सुरक्षिततेचे व प्रतिष्ठेचे गंभीर उल्लंघन असल्याचे नमूद करून ती थांबविण्यासाठी पावले उचलण्यास महाराष्ट्र शासनास सांगितले.

कुरमाघराविषयी लिहिताना एक बाब दृष्टिआड होते. त्या झोपडीत स्त्री नेहमीच एकटी असते असे नाही. एकाच वेळी दोघी-तिघी असतात, थोरल्या स्त्रिया धाकट्यांना शरीराविषयीच्या चार गोष्टी सांगतात, शेतातील व घरातील कामाच्या रगाड्यातून काही काळ सुटका होते. काही अभ्यासक या बाजूवर भर देतात. परंतु विश्रांती ही स्वेच्छेची असेल तरच तिला विश्रांती म्हणता येते. पावसाळ्याच्या रात्री गळक्या छपराखाली बसण्याची सक्ती असेल आणि ती मोडल्यास दंड अथवा गावकीचा रोष पत्करावा लागत असेल, तर तेथील सहवासाचे गुणगान हे बाहेरून पाहणाऱ्याचे गुणगान ठरते.

विटाळाची कल्पना : मराठी परंपरेतील दोन प्रवाह

कुरमाघराकडे पाहून नाक मुरडणाऱ्या बिगरआदिवासी समाजातही 'बाहेरची होणे', 'कावळा शिवणे', 'अस्पर्श' हे शब्दप्रयोग परवापरवापर्यंत सर्रास वापरात होते. तीन दिवस माजघराबाहेर बसणे, वेगळे अंथरूण व वेगळे ताट, चौथ्या दिवशी न्हाणे ही पद्धत विदर्भातील वाड्यांतूनही पाळली गेली. तैत्तिरीय संहितेत इंद्राने केलेल्या ब्रह्महत्येच्या पापाचा तिसरा हिस्सा स्त्रियांनी घेतला व तोच ऋतुस्रावाच्या रूपाने प्रकट झाला, अशी कथा आहे. तेथे रजस्वलेसाठी 'मलवद्वासस्', म्हणजे मलिन वस्त्र असलेली, असा शब्द येतो. अर्थात माडियांची प्रथा या वैदिक कथेतून उगम पावली असे म्हणण्यास आधार नाही. दोन भिन्न संस्कृतींत समान भीती स्वतंत्रपणे रुजलेली दिसते, एवढेच म्हणता येते. फरक असलाच तर तो जागेचा आहे. एकीकडे स्त्री घराच्या ओसरीवर बसली, दुसरीकडे गावाच्या शिवेजवळ.

याउलट विटाळ नाकारणारा प्रवाहही मराठी भूमीत जुना आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी ऋतुस्रावास शरीराच्या इतर स्रावांच्याच पंक्तीस बसविले आणि त्यामुळे साधनेत खंड पडू दिला नाही, असे 'लीळाचरित्रा'वरून दिसते. ज्या महानुभाव पंथाचे प्रमुख क्षेत्र ऋद्धिपूर विदर्भातच आहे, त्या पंथाने सातशे वर्षांपूर्वी हा विचार मांडला. संत सोयराबाईंनीही देहाच्या विटाळाचा प्रश्न अभंगातून थेट विचारला. विटाळाविरुद्धचा विचार पाश्चात्त्य शिक्षणातून आला, हा समज त्यामुळे टिकत नाही. हा विचार ग्रंथांत राहिला, घराच्या उंबरठ्याच्या आत तो फारसा शिरला नाही, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

कापडापासून नॅपकिनपर्यंत

विदर्भ हा कापसाचा प्रदेश असला तरी जंगलपट्टीत कापड ही आठवडी बाजारातून विकत आणावयाची वस्तू होती. जुने लुगडे फाटले की त्याच्या घड्या ऋतुकाळासाठी जपून ठेवल्या जात. कापड हे साधन मुळात वाईट नाही. ते स्वच्छ पाण्याने धुतले आणि उन्हात पूर्ण वाळविले तर सुरक्षित असते. अडचण निर्माण होते ती लपविण्यामुळे. पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून कापड छपराच्या वळचणीला अथवा दुसऱ्या कपड्याखाली सुकविले जाते. ओलसर राहिलेले कापड मांड्यांना घासते, त्यातून जखमा व जंतुसंसर्ग होतो. कुरमाघरात जेथे पाणीच मोजून मिळते, तेथे ही अडचण दुपटीने वाढते.

शासकीय पातळीवर या प्रश्नाची दखल उशिरा घेतली गेली. केंद्र शासनाने २०११ मध्ये ग्रामीण किशोरींसाठी ६ नॅपकिनचे पाकीट ६ रुपयांत देण्याची योजना आणली. महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू करून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ८ नॅपकिनचे पाकीट ५ रुपयांत उपलब्ध केले. २०१८ च्या जुलै महिन्यात सॅनिटरी पॅड व टॅम्पॉन यांवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. याचा परिणाम आकडेवारीत दिसतो. देशपातळीवर १५ ते २४ वयोगटात नॅपकिन वापरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६४ टक्के झाले. मात्र या सर्व योजना वस्तू पोहोचविण्याच्या होत्या. वापरलेला नॅपकिन जंगलातील गावात टाकायचा कोठे, तो बदलण्यासाठी आडोसा कोणता, हे प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

टॅम्पॉनचा उगम

औषधात भिजविलेला कापसाचा अथवा कापडाचा बोळा योनिमार्गात ठेवण्याची कल्पना भारतीय वैद्यकास नवी नाही. आयुर्वेदात स्त्रीरोगांच्या चिकित्सेत तेलात भिजविलेल्या 'पिचू'चे धारण सांगितले आहे. तथापि तो उपचार होता, ऋतुस्राव शोषण्याचे नित्याचे साधन नव्हते.

आधुनिक टॅम्पॉनचे श्रेय अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉक्टर अर्ल हास यांच्याकडे जाते. त्यांनी कापूस दाबून त्यास दोरा शिवला आणि एकात एक सरकणाऱ्या दोन कागदी नळ्यांतून तो आत बसविण्याची युक्ती काढली. त्यामुळे कापसास बोटांचा स्पर्श होत नसे. १९३३ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. त्याच वर्षी गर्ट्रूड टेंड्रिच या उद्योजक स्त्रीने ते हक्क ३२,००० डॉलरना विकत घेतले व त्यातून टॅम्पॅक्स हे उत्पादन बाजारात आले. पुढे जर्मनीत स्त्रीरोगतज्ज्ञ युडिथ एसर यांनी नळीशिवाय, केवळ बोटाने बसविता येणारा छोटा टॅम्पॉन विकसित केला. 'ओ.बी.' या नावाने तो १९५० पासून विकला जाऊ लागला. पोहणे व खेळ यांत स्त्रीला मोकळीक मिळावी, हा त्यामागील एक हेतू होता.

पाश्चात्त्य समाजातही हे साधन सहजासहजी स्वीकारले गेले नाही. अविवाहित मुलींनी ते वापरावे का, त्याने कौमार्य भंग होते का, असे आक्षेप तेथील धर्मोपदेशकांनी व काही डॉक्टरांनी घेतले. १९४५ मध्ये डॉ. रॉबर्ट डिकिन्सन यांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून या साधनाची बाजू मांडावी लागली, यावरून त्या विरोधाची कल्पना येते. १९८० च्या सुमारास दुसरे संकट आले. अतिशोषक कृत्रिम द्रव्यांनी बनविलेल्या टॅम्पॉनच्या वापराशी 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' या गंभीर विकाराचा संबंध आढळला. हा विकार स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या विषामुळे होतो. त्या वर्षी 'रिलाय' हा टॅम्पॉन बाजारातून मागे घेण्यात आला. आवश्यक तेवढ्याच शोषणक्षमतेचा टॅम्पॉन वापरावा आणि तो चार ते आठ तासांत बदलावा, हा आज सर्वमान्य असलेला नियम या अनुभवातून रूढ झाला.

प्रथम वापर आणि शरीराचे ज्ञान

टॅम्पॉनच्या पाकिटात वापराच्या सूचनांची घडीपत्रिका घालावी लागते, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. हे साधन वापरणारीस आपल्या शरीराची रचना ठाऊक असावी लागते आणि ती बहुतेकींना ठाऊक नसते, याचीच ती कबुली होय.

प्रथम वापराच्या वेळी होणारा त्रास बहुधा भीतीमुळे आखडलेल्या स्नायूंचा असतो. म्हणून स्राव अधिक असलेल्या दिवशी, हात स्वच्छ धुऊन, सर्वांत लहान आकाराचा टॅम्पॉन घ्यावा असे सांगितले जाते. उकिडवे बसून अथवा एक पाय उंचावर ठेवून, श्वास सावकाश सोडीत तो आत सरकवावा. योनिमार्ग सरळ वर जात नाही, तो कमरेच्या मागील बाजूस तिरका जातो. त्यामुळे दिशा पाठीच्या खालच्या भागाकडे ठेवावी लागते. योनिमार्गाचा बाहेरचा भाग अधिक संवेदनशील असून आतील भाग तुलनेने कमी संवेदनशील असतो. म्हणूनच नीट बसलेला टॅम्पॉन जाणवत नाही. तो टोचत अथवा जाणवत असेल, तर तो पुरेसा आत गेलेला नाही असे समजावे आणि काढून नवा घ्यावा. दोरा बाहेर राहतो. गर्भाशयमुखाचे छिद्र अतिशय लहान असल्याने टॅम्पॉन पोटात हरवत नाही. मूत्रमार्ग स्वतंत्र असल्याने लघवीसाठी तो काढावा लागत नाही. प्रयत्न करूनही वेदना होत असतील तर जबरदस्ती न करता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. टॅम्पॉन असताना अचानक तीव्र ताप, उलटी, अंगावर पुरळ अथवा भोवळ आल्यास तो लगेच काढून रुग्णालय गाठावे.

या सूचना वरवर साध्या आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकीमागे एक गृहीतक दडलेले आहे. हात धुण्यासाठी पाणी व साबण हवा, आतून कडी लावता येईल असे दार हवे, दिवा हवा, दर काही तासांनी बदलण्याची मोकळीक हवी, वापरलेला बोळा टाकण्याची सोय हवी आणि ताप आल्यास गाठता येईल असा दवाखाना हवा. उकिडवे बसणे जंगलातील स्त्रीच्या अंगवळणी पडलेले आहे. या यादीतील ती एकच गोष्ट कुरमाघरात विनासायास उपलब्ध आहे.

कौमार्याची भीती

टॅम्पॉनच्या मार्गातील आणखी एक अडथळा म्हणजे योनिपटलाविषयीचे अज्ञान. योनिपटल हे बंद दार नसून त्यास नैसर्गिक छिद्र असते, म्हणूनच ऋतुस्राव बाहेर येऊ शकतो. ते लवचीक असते व प्रत्येक स्त्रीत त्याचा आकार निराळा असतो. त्यावरून स्त्रीचा पूर्वानुभव सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीस वैद्यकीय आधार नसल्याचे स्पष्ट करून ती बंद करण्याचे आवाहन केले.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. कंजारभाट समाजातील विवाहप्रसंगीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध त्याच समाजातील तरुणांनी २०१८ मध्ये उघड मोहीम उभारली. विदर्भातील सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी अशा चाचण्यांच्या अशास्त्रीयतेवर सातत्याने लेखन केले. त्यानंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये 'कौमार्याची लक्षणे' हा भाग वैद्यकीय अभ्यासक्रमातून वगळला. डॉक्टर होणाऱ्यांनाही तोवर हेच शिकविले जात होते, तर गावातील मातेने मुलीला निराळे काय सांगावे?

या बाबतीत र. धों. कर्वे यांच्या कार्याचे स्मरण उचित ठरते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. योनिमार्गात बसवावयाच्या रबरी साधनांची माहिती देताना स्त्रीने आपल्या शरीराची ओळख करून घेणे त्यांना आवश्यक वाटले. १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी हा विचार चालविला आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. म्हणजेच टॅम्पॉनचा जन्म होत असताना, ज्या ज्ञानावर त्याचा वापर अवलंबून आहे ते ज्ञान मराठीत उपलब्ध करून देणे हा खटल्याचा विषय होता.

गडचिरोलीतील आरोग्यकार्याचा धडा

गडचिरोलीतील स्त्रियांच्या आरोग्याचे वास्तव प्रथम पुराव्यानिशी मांडले ते डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी. वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीवर आधारित त्यांचा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग होते आणि प्रत्येक स्त्रीमागे अशा विकारांची सरासरी ३.६ होती. तोवर तपासणी व उपचार मिळालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ८ टक्के होते. यांतील निम्मे विकार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते.

या आकड्यांचा ऋतुकालीन साधनांशी असलेला संबंध दुहेरी आहे. ज्या स्त्रीस आधीच संसर्ग आहे, तिला योनिमार्गात कोणतेही साधन बसविताना वेदना होणार आणि ती वेदना साधनाचा दोष मानली जाणार. दुसरे असे की, ९२ टक्के स्त्रिया आजारी असूनही ४५ टक्के स्त्रियांनी काहीच तक्रार सांगितली नव्हती. हा त्रास स्त्रीजन्माचा भागच आहे, अशी समजूत मौनामागे असावी असे मानण्यास जागा आहे. 'सुखाने वापरणे' ही कल्पना जेथे सुखाची अपेक्षाच नाही तेथे कशी रुजणार?

डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा' या ग्रंथातून या स्त्रियांची भाषा व समजुती प्रथमच विस्ताराने मराठी वाचकांसमोर आल्या. सर्च संस्थेच्या 'तारुण्यभान' शिबिरांतून किशोरवयीन मुलामुलींना शरीराची माहिती देण्याचे कार्य झाले. शोधग्राम येथील दवाखान्यास माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले आणि त्याची रचना आदिवासी गावाच्या धर्तीवर झाली, कारण लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती. तत्पूर्वी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या रूपाने भामरागडच्या जंगलात स्त्री डॉक्टर उपलब्ध झाली. या प्रयत्नांतून एक सूत्र हाती लागते. लोकांना विचारून, त्यांच्या भाषेत केलेला बदल या प्रदेशात टिकतो.

सुधारणेचे मार्ग

कुरमाघराबाबत आज दोन मते आहेत. प्रथा समूळ नष्ट करावी, हे पहिले. प्रथा संपेपर्यंत त्या झोपडीत स्त्रीचा जीव सुरक्षित राहावा अशी व्यवस्था करावी, हे दुसरे. मुंबईच्या खेरवाडी सोशल वेल्फेअर असोसिएशनने दुसऱ्या मार्गाने जाऊन तुकूम येथे वाळूने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या वापरून पक्के घर उभारले. त्यात खाटा, शौचालय, पाणी व सौर दिवे आहेत. चांगली इमारत प्रथेलाच बळ देईल, हा त्यावरील आक्षेप गंभीर आहे.

नेपाळचा अनुभव या वादात उपयुक्त ठरतो. तेथील छाउपडी प्रथेवर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०१७ च्या कायद्याने, जो ऑगस्ट २०१८ पासून लागू झाला, तीन महिने कैद अथवा ३,००० रुपये दंडाची तरतूद केली. झोपड्या पाडल्या गेल्या. तरीही मनातील भीती कायम राहिल्याने काही ठिकाणी स्त्रिया त्याहून असुरक्षित जागी झोपू लागल्या. केवळ झोपडी पाडून अथवा केवळ झोपडी बांधून प्रश्न सुटत नाही, असे यावरून दिसते. पक्क्या घरात पाणी, दिवा व कडी असेल आणि तेथे जमणाऱ्या स्त्रियांना शरीराची माहिती देणारी आरोग्यसेविका पोहोचत असेल, तर सक्तीच्या जागेतूनच सक्तीविरुद्ध बोलण्याचे बळ येऊ शकते. ती माहिती पोहोचली नाही, तर आक्षेप घेणाऱ्यांचे भाकीत खरे ठरेल.

निष्कर्ष

१. ऋतुकालीन साधनांचा इतिहास हा केवळ वस्तूंचा इतिहास नाही. जागा, पाणी, एकांत आणि ज्ञान यांचे वाटप समाजात कसे झाले, हे तो दाखवितो.

२. टॅम्पॉन वनप्रदेशात पोहोचला नाही याचे कारण स्त्रियांचे मागासलेपण हे नव्हे. ज्या परिस्थितीत तो सुरक्षित ठरतो ती परिस्थितीच त्यांना उपलब्ध झालेली नाही. चार-आठ तासांत बदलणे शक्य नसेल तेथे स्वच्छ धुतलेले व उन्हात वाळविलेले कापडच अधिक सुरक्षित आहे, आणि ते वापरणाऱ्या स्त्रीस कमी लेखण्याचे कारण नाही.

३. विटाळ नाकारणारी परंपरा मराठी भूमीत चक्रधरस्वामींपासून आहे. आरोग्यशिक्षणात तिचा आधार घेतल्यास हा विचार परका वाटणार नाही.

४. योनिपटल व कौमार्य यांविषयीचे गैरसमज वैद्यकीय अभ्यासक्रमातून २०१९ मध्ये वगळले गेले. शालेय व महाविद्यालयीन शिक्षणात त्यांची जागा शास्त्रीय माहितीने भरणे अद्याप शिल्लक आहे. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक मुली कुरमाघर असलेल्या गावांतून येतात, ही बाब प्राध्यापकवर्गाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

५. साधन कोणते वापरावे हा निर्णय त्या स्त्रीचाच असला पाहिजे. परंतु निवड करण्यासाठी आधी माहिती लागते आणि माहिती वापरण्यासाठी कडी असलेले दार लागते. भामरागड वा एटापल्लीतील मुलीच्या हाती नॅपकिन द्यावा की टॅम्पॉन, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. त्या पाच रात्री ती घरात झोपते की गावाबाहेर, हे ज्या दिवशी ती स्वतः ठरवू शकेल, त्या दिवशी साधनांविषयीची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होईल.